काळे ठिपके, रिकामे चौकोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणारी तरुण अनुवादिका एका समकालीन चिनी कादंबरीचा इंग्रजीवरून मराठी अनुवाद करते आहे. निम्मं काम झाल्यावर चिनी वाचता येणाऱ्या मैत्रिणीने तिला सांगितलं, की चिनी पुस्तकात प्रकरणांचा क्रम वेगळा आहे आणि इंग्रजीतला काही मजकूर तिथे नाहीच. आता मूळ कशाला मानायचं? कात्री लागलेलं साहित्य अनुवाद करण्याच्या लायकीचं उरतं का? आणि प्रकाशकाला मलपृष्ठावर 'चीनमध्ये बंदी घातलेली कादंबरी' असं छापायचं आहे, ते छापू द्यावं का?

मी गेली चोवीस वर्षं चिनीतून मराठीत अनुवाद करते. पोटासाठी चाकणच्या कारखान्यांत दुभाष्याचं काम, आणि रात्री कथा-कादंबऱ्या. तुमच्या मैत्रिणीने जे दाखवलं ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा उशीर झाला होता. एका दिवाळी अंकासाठी मी एक चिनी कथा अनुवादित केली होती. शेवट फार सुंदर होता, अर्धवट सोडून दिल्यासारखा. दोन वाचकांनी त्या शेवटाबद्दल पत्रं पाठवली. पुढे दोन वर्षांनी कारखान्यात आलेल्या एका चिनी अभियंत्याशी जेवणाच्या सुट्टीत त्या कथेवर बोलत होते. तो म्हणाला, "पण शेवटी ती बाई स्टेशनवर जाते ना?" माझ्या प्रतीत स्टेशन नव्हतंच. मी ज्या संग्रहातून अनुवाद केला त्यात शेवटचे दोन परिच्छेद उडवलेले होते आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्या अर्धवटपणाचं मी मनातल्या मनात कौतुक करत होते, तो लेखकाचा नव्हताच. ती गोष्ट मला आजही लागते. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी 'मूळ' या शब्दाचं बघू. आपल्याला सवय असते, की मूळ म्हणजे लेखकाच्या भाषेतलं छापील पुस्तक आणि अनुवाद म्हणजे त्याची सावली. चिनी पुस्तकांच्या बाबतीत हा हिशेब दर वेळी जुळेलच असं नाही. एकच कादंबरी आधी मासिकात येते, मग मुख्य भूमीवर, म्हणजे खुद्द चीनमध्ये, पुस्तकरूपात, तैवानच्या तैपेईत वेगळी, हाँगकाँगमध्ये वेगळी, आणि दहा-पंधरा वर्षांनी 'सुधारित' होऊन पुन्हा येते. यातली कुठलीही दोन पुस्तकं ओळीला ओळ लावून पाहिली की फरक सापडू शकतो.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ: लिऊ त्सिशिन यांची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. २००६ साली ती चीनमधल्या एका विज्ञानकथा मासिकात क्रमशः आली तेव्हा तिची सुरुवात माओच्या सांस्कृतिक क्रांतीने होत होती. १९६७ साल, भर सभेत एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला रेड गार्ड या माओभक्त तरुणांच्या दलातल्या मुली पट्ट्यांनी मारून ठार करतात आणि त्याची मुलगी ते बघत असते. पुढची सगळी कादंबरी या मुलीच्या त्या दिवसातून निघते. माणूस नावाच्या प्राण्यावरचा तिचा विश्वास तिथेच संपतो. २००८ साली पुस्तक निघालं तेव्हा ही प्रकरणं उचलून मध्ये कुठेतरी ठेवली गेली. सुरुवातीलाच एवढा जळता विषय नको, असा विचार होता. चिनी वाचक पुस्तक उघडतो तेव्हा त्याला भेटतात आजच्या काळातले पोलीस आणि एक गोंधळलेला संशोधक. इंग्रजी अनुवादक केन लिऊ यांनी हे प्रसंग पुन्हा पहिल्या पानावर आणायचं सुचवलं, तेव्हा लेखकाने आनंदाने होकार दिला. त्यांना पहिल्यापासून तसंच हवं होतं. २०१४ साली इंग्रजी पुस्तक आलं आणि २०१५ मध्ये त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

म्हणजे इथे इंग्रजी अनुवाद लेखकाच्या मनाशी अधिक प्रामाणिक, आणि चिनी पुस्तक तडजोडीचं. तुमच्या कादंबरीतही असंच झालं असेल. पण याच्या अगदी उलटही घडतं. जियांग रोंग यांच्या 'वुल्फ टोटेम' या कादंबरीच्या शेवटी चिनीत एक लांबलचक वैचारिक प्रकरण आहे. इंग्रजीत ते वगळलं. तिथे कुठल्याही सरकारचा हात नव्हता, वाचक कंटाळेल ही धास्ती होती. कापलं ते दोन्हीकडे, कापणारे हात निराळे. म्हणून 'इंग्रजीत जास्त मजकूर आहे म्हणजे इंग्रजी खरं' किंवा 'चिनी ते चिनी' यापैकी कुठलंही एक सूत्र धरून बसू नका. प्रत्येक फरकाला वेगळं विचारावं लागतं: तू कुठून आलास?

ते विचारायचं तर कात्री कशी चालते हे ठाऊक हवं. आपल्या डोक्यात सेन्सॉर म्हणजे टेबलामागे लाल पेन्सिल घेऊन बसलेला एक माणूस. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'च्या वेळी, १९७२ साली, साधारण तसंच झालं. परिनिरीक्षण मंडळाने ३२ ठिकाणी काटछाट सुचवली, कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. कुठे काय कापायचं ते कागदावर होतं, म्हणून त्याच्याशी भांडता आलं. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या तुरुंगातल्या आठवणींच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार रद्द झाला, तोसुद्धा रीतसर शासन निर्णय काढून. त्या कागदावर बोट ठेवून लोकांनी निषेध केला, साहित्य संस्कृती मंडळाच्या सदस्यांनी राजीनामे दिले.

चीनमध्ये पुस्तकाबाबत असा कागद सहसा हाती येत नाही. तिथे प्रत्येक पुस्तकाला एक 'शूहाव', म्हणजे पुस्तक क्रमांक लागतो आणि तो फक्त सरकारी प्रकाशनसंस्थांना मिळतो. खाजगी कंपन्या पुस्तकं तयार करतात, पण क्रमांकासाठी त्यांना सरकारी संस्थेचं दार गाठावंच लागतं. हस्तलिखित तीन पायऱ्या चढतं: हाताखालचा संपादक, विभागप्रमुख, मुख्य संपादक. तिघांच्याही सह्या. काही विषयांची, उदाहरणार्थ पक्षाच्या इतिहासाची, वर वेगळी नोंद करावी लागते. २०१८ पासून हा सगळा कारभार थेट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेला आहे. पुस्तक बाहेर पडल्यावर कुणी वरून नापसंती दाखवली तर नोकरी जाते ती संपादकाची. त्यामुळे सगळ्यात कडक कात्री सगळ्यात खालच्या टेबलावर चालते आणि ती चालवणारा बहुतेक वेळा साहित्यावर मनापासून प्रेम करणारा माणूस असतो. पुस्तक वाचवण्यासाठी तो चार ओळी कापतो. मी अशा संपादकांना भेटले आहे. त्यांच्याबद्दल मला राग नाही, पण त्यांनी कापलेल्या ओळींची हळहळ आहेच.

आणि त्याहूनही खालचं टेबल लेखकाचं स्वतःचं. यान लिआनके यांची 'दिंगगावचं स्वप्न' ही कादंबरी २००६ ची. हनान प्रांतात नव्वदच्या दशकात गरीब शेतकऱ्यांनी पैशासाठी रक्त विकलं. रक्तातला प्लाझ्मा काढून उरलेलं रक्त एकत्र मिसळून परत लोकांच्या शिरांत सोडलं गेलं आणि गावंच्या गावं एड्सने पोखरली. कादंबरीचा निवेदक आहे विष घालून मारलेला बारा वर्षांचा मुलगा. यान लिआनके यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं, की पुस्तक छापून यावं म्हणून लिहितानाच त्यांनी स्वतःला फार कापलं. देशोदेशी रक्त पोचवणारी एक प्रचंड नळवाहिनी त्यांच्या मनात होती, ती त्यांनी लिहिलीच नाही. एवढं करूनही पुस्तकावर बंदी आली ती आलीच.

अनुवादकाने यापुढे काय करायचं? काहीच नाही. ती नळवाहिनी कुठल्याही आवृत्तीत नाही. तैवानमध्ये नाही, इंग्रजीत नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते परत आणता येत नाही. मात्र हे माहीत असलेला अनुवादक एक चूक टाळतो. मजकुरात जिथे आवाज अचानक हलका होतो, रूपक अर्ध्यावर थांबतं, तिथे तो आपल्या पदरचं तेल घालून दिवा मोठा करत नाही. यान लिआनके जिथे थबकले, तिथे मराठीनेही थबकावं. ती थबकण्याची जागा पुस्तकाचा भाग आहे.

आता कापलेल्या जागेचं करायचं काय, हा खरा कारागिरीचा प्रश्न. चिनी परंपरेत याची दोन उत्तरं मला फार मोलाची वाटतात.

पहिलं जिआ पिंगवा यांचं. १९९३ साली त्यांची 'फेइदू' म्हणजे 'भग्न राजधानी' आली. शीआन शहराला शीजिंग असं नाव देऊन लिहिलेली, एका प्रसिद्ध लेखकाच्या अधःपाताची कथा. माझ्याकडे त्या वर्षीची प्रत आहे, कडा पिवळ्या पडलेली. शृंगाराचा प्रसंग रंगात येतो आणि ओळीच्या मध्यावर छापलेले रिकामे चौकोन सुरू होतात, एकापुढे एक, अक्षरांच्याच मापाचे. मग कंसात वाक्य: येथे लेखकाने इतकी अक्षरे गाळली आहेत. आकडासुद्धा दिलेला. पुढच्या ओळीपासून गोष्ट चालू, जणू काही झालंच नाही. ही लकब त्यांनी जुन्या ग्रंथावरून उचलली. सोळाव्या शतकाच्या अखेरीला लिहिलेल्या 'जिन पिंग मेइ' या कादंबरीची सोवळी आवृत्ती १९८५ साली बीजिंगमधून निघाली. तिच्यातून एकूण १९,१६१ अक्षरं काढली होती, आणि कुठे किती काढली तेही छापलं होतं. जिआ पिंगवांनी तोच साज स्वतःच्या नव्या कादंबरीवर चढवला. त्या चौकोनांखाली खरंच कधी काही होतं का, यावर चिनी वाचक आजही वाद घालतात. सेन्सॉरची खूणच त्यांनी गोष्टीचा भाग करून टाकली. पुस्तकावर लवकरच बंदी आली आणि चोरट्या आवृत्त्या फुटपाथवर ढिगाने विकल्या गेल्या. १९९७ मध्ये फ्रेंच अनुवादाला फेमिना पुरस्कार मिळाला. २००९ साली चीनमध्ये पुस्तक पुन्हा अधिकृतपणे निघालं.

ती २००९ ची प्रत मी हौसेने मागवली आणि दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी उघडून बसले. चौकोन गायब होते. त्या जागी साधी टिंबं, जशी कुठल्याही कादंबरीत कुणी वाक्य अर्धं सोडल्यावर येतात. कापलेला मजकूर परत आलेला नव्हता. परत घेतली होती ती कापल्याची खूण. मला त्या रात्री फार अस्वस्थ वाटलं. चौकोन वाचकाला सांगत होते, की इथे हात फिरला आहे. टिंबं काहीच सांगत नाहीत. माझ्या दिवाळी अंकातल्या कथेत तर टिंबंही नव्हती.

दुसरं उत्तर थोर चिनी लेखक लू शुन यांचं, आणि ते साठ वर्षं आधीचं. १९३३ मध्ये शांघायच्या एका वृत्तपत्राच्या पुरवणीत ते छोटे लेख लिहीत. तेव्हा राज्य कुओमिंतांगचं, म्हणजे राष्ट्रवादी पक्षाचं. दबाव एवढा, की संपादकांनी लेखकांना जाहीर विनंती केली: यापुढे कृपया वाऱ्या-चंद्रावर लिहा. लू शुन टोपणनावं बदलत राहिले. आयुष्यभरात त्यांनी शंभराहून अधिक नावं वापरली. लेख छापून येताना वाक्यं उडवली जात. १९३४ च्या अखेरीस त्यांनी त्या लेखांचं पुस्तक काढलं, त्याच्या नावातही वारा आणि चंद्र आहेत. त्यात त्यांनी उडवलेली वाक्यं परत घातली आणि प्रत्येक परत घातलेल्या अक्षराशेजारी काळा ठिपका दिला. प्रस्तावनेत त्यांनी साध्या शब्दांत लिहिलं आहे, की स्पष्ट दिसावं म्हणून ठिपके दिलेत. चिनी मजकूर तेव्हा उभा छापत, त्यामुळे ओळीच्या कडेने काळ्या ठिपक्यांची माळ खाली उतरताना दिसते. वाचकाला एका नजरेत दोन्ही लेख वाचता येतात: वृत्तपत्रात आलेला, आणि लिहिलेला.

माझ्या मते अनुवादकासाठी याहून चांगला धडा नाही. गुपचूप कापू नका, हे सगळेच सांगतात. गुपचूप भरूही नका, हे फार कमी लोक सांगतात. तैवानच्या आवृत्तीतला परिच्छेद मुख्य भूमीच्या आवृत्तीत शिवून टाकला आणि शिवण लपवली, तर वाचकाला वाटतं चीनमध्ये हे सगळं सुखाने छापून येतं. मीही एक खूण ठेवते. परत आणलेला परिच्छेद जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे समासात एक बारीक ठिपका, आणि सुरुवातीला एक पानाची टीप. एका प्रकाशकाने तो ठिपका 'छपाईतला डाग वाटेल' म्हणून काढायला लावला होता. मी टीप दीड पानाची केली, पण ठिपक्याची सर तिला नाही.

संदर्भासाठी इंग्रजांचीही एक जुनी गोष्ट सांगते. 'जिन पिंग मेइ'चा क्लेमंट एजर्टन यांचा इंग्रजी अनुवाद १९३९ चा. पुढे थोर कादंबरीकार झालेले लाओ श विसाच्या दशकात लंडनमध्ये त्यांच्यासोबत एकाच घरात राहत, आणि अनुवाद त्यांनाच अर्पण केलेला आहे. शृंगाराचे उतारे एजर्टननी लॅटिनमध्ये लिहिले. म्हणजे जो लॅटिन शिकलेला, तो सभ्य, त्याला चालेल. १९७२ च्या आवृत्तीत लॅटिन जाऊन इंग्रजी आलं. हाही ठिपकाच म्हणायचा, फक्त वर्गाचा. आपल्याकडे संस्कृतच्या आडोशाने काय काय सांगितलं गेलं ते आठवून पाहा.

चीनमध्ये सेन्सॉरशी झुंजताना भाषा स्वतःच अनुवाद करू लागते, आणि तिथे आपली खरी परीक्षा असते. ४ जून १९८९ ही तिआनआनमेन चौकातलं आंदोलन चिरडल्याची तारीख इंटरनेटवर लिहिता येत नाही, म्हणून लोक '३५ मे' लिहू लागले. मे महिन्याचे ३१ दिवस, पुढे चार मोजा. कादंबरीकार यू ह्वा यांनी या '३५ मे'वर लेखही लिहिला आहे. मराठीत हे जसंच्या तसं येतं. वाचक बोटांवर मोजतो आणि त्याच क्षणी त्या खेळात सामील होतो. तळटीप देऊन हा क्षण मारू नका.

खेकड्याचं मात्र अवघड. सरकारी भाषेत 'सुसंवादी समाज' हा शब्द आला आणि पोस्ट काढून टाकण्याला लोक 'सुसंवादी केलं' म्हणू लागले. मग तोही शब्द अडवला जाऊ लागला, तेव्हा जवळपास त्याच उच्चाराचा 'नदीतला खेकडा' आला. दोन्हींचा उच्चार 'हश्ये'सारखा, फरक फक्त सुराचा. एका कथेत मी भाबडेपणाने 'त्याला खेकड्याने नेलं' असं लिहिलं होतं. पहिल्या वाचक मैत्रिणीने समासात लिहिलं: "एकमेकांचे पाय ओढतात का हे लोक?" बरोबरच होतं तिचं. मराठीत खेकडा म्हटला की टोपलीतला खेकडा आठवतो, दुसऱ्याला वर चढू न देणारा. माझ्या वाक्याने चिनी सरकारचा उल्लेख पुसून मराठी माणसाच्या स्वभावावर टीका उभी केली होती. शेवटी मी 'हश्ये' हा शब्दच ठेवला आणि एका पात्राच्या तोंडी, ओघात, त्याचे दोन अर्थ सांगितले. सुंदर नाही, पण खोटंही नाही.

मार्च २०२० मध्ये याचा कळस झाला. वुहानच्या एका रुग्णालयातील आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. आय फन यांनी सुरुवातीच्या दिवसांत काय घडलं, ते एका मासिकाला सांगितलं. १० मार्चला तो लेख इंटरनेटवरून काढून टाकण्यात आला. मग लोकांनी तो पुन्हा-पुन्हा चढवला: उलट्या क्रमाने, रोमन लिपीत, मोर्सच्या टिंब-रेघांत, इमोजींत, कासवाच्या कवचावर कोरत त्या प्राचीन लिपीत. मी त्या रात्री झोपले नाही. एका आवृत्तीत ओळी खालून वर वाचायच्या होत्या. दोन परिच्छेद वाचल्यावर डोळ्यांना सवय झाली आणि मी रडू लागले. अनुवाद म्हणजे काय हे मी इतकी वर्षं शिबिरांत सांगत आले होते. त्या रात्री लाखो अनोळखी लोक तो करताना दिसले.

आता प्रवाहाची दुसरी बाजू. बाहेरची पुस्तकं चीनमध्ये जातात तेव्हाही हेच होतं. अमेरिकी अभ्यासक एझ्रा फोगल यांनी लिहिलेल्या, चिनी नेते देंग शियाओपिंग यांच्या चरित्राची संपूर्ण चिनी आवृत्ती हाँगकाँगमध्ये निघाली आणि २०१३ साली काटछाट केलेली मुख्य भूमीवर. शून्यापेक्षा नव्वद टक्के बरे, असं त्यांचं म्हणणं होतं. च्यू शिआओलोंग यांच्या शांघायमधल्या पोलीस कादंबऱ्या चिनीत गेल्या तेव्हा शांघायचं नावच उडालं आणि सगळे खून 'एच शहरा'त होऊ लागले. च्यू मूळचे शांघायचे, लिहितात इंग्रजीत. आपल्याच गल्ल्यांचं नाव आपल्याच मातृभाषेत पुसलेलं बघताना काय वाटलं असेल! अशी तडजोड चूक की बरोबर, हे मी ठरवणार नाही. फोगल यांच्या वाचकांना नव्वद टक्के तरी मिळाले.

पण कात्री चालवणाऱ्यांना जे हवं तेच दर वेळी घडतं असं नाही. साठच्या दशकात चीनमध्ये 'नेइबू', म्हणजे फक्त आतल्यांसाठी, अशी पुस्तकं निघत. अधिकाऱ्यांनी शत्रूचे विचार वाचून त्यांवर टीका करावी, एवढ्याचसाठी. साध्या पिवळ्या वेष्टणाची. सोल्झेनित्सिन १९६३ मध्ये आला, सॅलिंजरही त्याच वर्षी, बेकेटचं 'गोदो' १९६५ मध्ये. अनुवाद उत्तम, कारण सर्वोत्तम अनुवादकांना ते काम दिलेलं. मग सांस्कृतिक क्रांतीत घरं फुटली, ग्रंथालयं विस्कटली आणि ही पिवळी पुस्तकं अधिकाऱ्यांच्या मुलांच्या हातांतून गावोगाव पाठवलेल्या तरुणांपर्यंत पोचली. बेइ दाव आणि त्यांच्या पिढीच्या कवींची भाषा या पुस्तकांवर वाढली. शत्रू म्हणून अनुवादित केलेलं साहित्य त्यांना मित्रासारखं भेटलं.

कापणारा दर वेळी सरकारच असतो असंही नाही. चिनी अनुवादक लिन शू यांनी १९०५ मध्ये रायडर हॅगार्डच्या एका कादंबरीचा पूर्ण अनुवाद केला. आधीच्या अनुवादकांनी नायिकेचं लग्नाआधीचं गरोदरपण गाळलं होतं, लिन शूंनी ते ठेवलं. टीकाकार त्यांच्यावरच तुटून पडले: झाकलेलं उघडं केलंत! तैवानमध्ये १९४९ ते १९८७ मार्शल लॉ होता. मुख्य भूमीवर राहिलेल्या अनुवादकांचे अनुवाद तिथे छापले जात, पण नावं बदलून किंवा काढून. कित्येकांनी बालपणीची आवडती पुस्तकं कुणी अनुवादित केली, हे तिथल्या अभ्यासकांनी अलीकडे शोधून काढलं आहे. आणि आपले रवींद्रनाथ. त्यांच्या 'स्ट्रे बर्ड्स'चा फंग तांग यांनी केलेला नवा चिनी अनुवाद २०१५ मध्ये आला. जगाने प्रियकरासमोर विशालतेचा मुखवटा उतरवला, अशा अर्थाच्या ओळीत त्यांनी मुखवट्याऐवजी विजारीची गाठ सोडवली. गदारोळ झाला आणि वर्षअखेरीस प्रकाशकाने पुस्तक बाजारातून परत बोलावलं. मला ती ओळ अजिबात आवडत नाही. तरीही वाईट अनुवादाला उत्तर चांगला अनुवाद हेच आहे, आणि झेंग झेंदुओ यांचा १९२२ चा अनुवाद तिथे दुकानात होताच.

मलपृष्ठाच्या ओळीबद्दल माझं मत ठाम आहे: छापू देऊ नका, किमान लेखकाला विचारल्याशिवाय तर नाहीच. वुहानच्या लेखिका फांग फांग यांच्या कोविडकाळातल्या रोजनिशीचं बघा. २५ जानेवारी २०२० पासून साठ दिवस त्यांनी बंद शहरातून रोज लिहिलं. मायकल बेरी यांनी ते झपाट्याने इंग्रजीत आणलं. पुस्तकाची आगाऊ जाहिरात झळकली तेव्हा उपशीर्षकात वुहानला साथीचं मूळ केंद्र म्हटलं होतं आणि जर्मन मुखपृष्ठावर 'निषिद्ध रोजनिशी' असे शब्द होते. चीनमध्ये त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप झाले, शिवीगाळ झाली, अनुवादकालाही धमक्या आल्या. शब्द नंतर बदलले, पण घाव बसायचा तो बसला. पुण्यात बसून आपण जो शब्द विक्रीसाठी छापतो, त्याची किंमत दुसरीकडे राहणारा लेखक मोजतो. शिवाय 'बंदी' हा शब्द पुस्तकाला लहान करतो. वाचक मग पानापानावर फक्त निषेध शोधतो आणि त्यातलं जेवण, भांडण, पाऊस, म्हातारपण त्याच्या हातून निसटतं.

तर तुमच्या कामाबद्दल. कादंबरीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून पद्धत सांगते. इंग्रजी पुस्तकाच्या श्रेयपानावर कुठल्या वर्षीची, कुठल्या शहरातली चिनी आवृत्ती वापरली आहे ते बघा. अनुवादकाची टीप असेल तर ती आधी वाचा. ती आवृत्ती तैपेईची असेल तर मजकूर पूर्ण असण्याची शक्यता बरीच. हाँगकाँगची असेल तर २०२० च्या आधीची की नंतरची हे पाहा, कारण राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतूनही पुस्तकं काढली गेली आहेत. इंग्रजी अनुवादकाला पत्र लिहा. ही मंडळी उत्तर देतात, माझा अनुभव चांगला आहे. एक प्रश्न विचारा: क्रम कुणी बदलला, तुम्ही, संपादकाने, की लेखकाने? उत्तर काहीही आलं तरी ते तुमच्या प्रस्तावनेत जाऊ द्या.

आणि मैत्रिणीला सोडू नका. दोन रविवार तिला शेजारी बसवा. प्रत्येक प्रकरणाची पहिली आणि शेवटची ओळ तिने चिनीतून सांगायची, तुम्ही इंग्रजीतून. जिथे दोघींची पानं जुळत नाहीत, तिथे समासात पेन्सिलने एक ठिपका द्या आणि पुढे चला.